पॅच निघतो, पोचत नाही

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले. सगळ्या सहकारी नाहीतर ग्रामीण बँका. त्यांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरल्याचं कळताच, लागण पुढे पसरू नये म्हणून मुंबईच्या राष्ट्रीय देयक महामंडळानं, म्हणजे एनपीसीआयनं, तिला देशाच्या देयक यंत्रणेपासून तोडलं. दुसऱ्या दिवशी जोडणी परत झाली. या बँकांचा वाटा देशातल्या एकूण व्यवहारांच्या जेमतेम अर्धा टक्का आहे, असं तेव्हा सांगितलं गेलं. पण तो अर्धा टक्का दूध संघाचे पैसे, पीककर्ज आणि पेन्शन काढायला येणाऱ्यांचा असतो, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीनं नंतर या हल्ल्याचा माग काढला. तिच्या निष्कर्षानुसार वाट सापडली ती सी-एजला सेवा देणाऱ्या ब्रॉन्टू या कंपनीच्या एका सर्व्हरवर. तिथं जेन्किन्स हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालत होतं. नवा कोड आला की तो तपासून, जुळवून कामाला लावायचं काम जेन्किन्स आपोआप करतं. त्याच्या पोटात आर्ग्ज-फोर-जे नावाची छोटी लायब्ररी आहे. बाहेरून आलेल्या आज्ञेतले शब्द सुटे करून देणं एवढंच तिचं काम. तिच्यात एक जास्तीची सोय होती: 'ॲट'चं चिन्ह आणि पुढे फाइलचा पत्ता लिहिला की त्या फाइलमधला मजकूर ती आपणहून तिथं आणून ठेवायची. ही सोय बहुतेकांना ठाऊक नव्हती, पण मुळातच चालू ठेवलेली होती. परक्या माणसाला दुरून सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या त्या तिच्यामुळे.

जेन्किन्सच्या लोकांनी ही सोय बंद करणारी दुरुस्ती, म्हणजे पॅच, २४ जानेवारी २०२४ रोजी प्रसिद्ध केली होती. फुकट, जगजाहीर, बरोबर काय करायचं याच्या सूचनांसकट. बँका अडल्या जुलैअखेर. मधे सहा महिने गेले.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या, विशेषतः नेटवर्कचं काम करणाऱ्या लायब्ररींच्या सुरक्षेबद्दल मी जे जे वाचलं आणि पाहिलं, त्याचा आढावा घेताना हे सहा महिने मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. भोकं सापडतात. ती बुजवणारी माणसंही आहेत आणि ती बहुतेकदा काही दिवसांत आपलं काम करतात. त्यांचं काम शेवटच्या यंत्रापर्यंत नेऊन पोचवण्याची जबाबदारी मात्र कुणाच्याच नावावर लिहिलेली नाही.

हे शेवटचं यंत्र कुठं असतं? नसरापूरहून वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याकडे निघालं की वाटेत मार्गासनी लागतं. इथूनच साखरमार्गे गुंजवण्याचा, म्हणजे राजगडाच्या पायथ्याचा रस्ता फुटतो. अशा कुठल्याही गावात रस्त्यालगतच्या दुकानांत नजर टाका: वायफायचा राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, पैसे आले की बोलणारा साउंडबॉक्स, ऑनलाइन फॉर्म भरायचा संगणक. राउटरच्या डब्यावर एका कंपनीचं नाव असतं. आतला कोड मात्र मुख्यतः त्या कंपनीचा नसतो. लिनक्सचा गाभा जगभरच्या हजारो लोकांचा. मोबाइलला घरातल्या जाळ्यातला पत्ता देणारा आणि संकेतस्थळांचे पत्ते शोधून आणणारा डीएनएसमास्क हा प्रोग्राम सायमन केली या इंग्लंडमधल्या गृहस्थांनी लिहिला आणि तेच तो वर्षानुवर्षं सांभाळत आले. डेटा आणण्या-नेण्याचं काम करणारं कर्ल हे स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं, १९९०च्या दशकाच्या अखेरीपासूनचं. ते आता जगभर अब्जावधी ठिकाणी बसवलेलं आहे. तुमच्या मोबाइलमध्येही ते बहुधा एकापेक्षा जास्त ॲपमध्ये सापडेल. लायब्ररी म्हणतात ती हीच: पुन्हा पुन्हा लागणाऱ्या कामाचा तयार कोड, कुणीही उचलावा आणि आपल्या वस्तूत बसवावा असा. एका लायब्ररीत चूक राहिली की ती अशा सगळ्या वस्तूंत एकाच वेळी राहते.

आणि चुका किती साध्या असतात! ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेली हार्टब्लीड घ्या. ओपनएसएसएल ही लायब्ररी संकेतस्थळ आणि वाचक यांच्यातलं बोलणं कुलूपबंद करते. तिच्यात 'हार्टबीट' नावाची सोय आली: एक यंत्र दुसऱ्याला मधूनमधून विचारतं, जागा आहेस ना, असशील तर मी पाठवलेला मजकूर परत पाठव. मजकुरासोबत त्याची लांबीही सांगायची. समजा, तलाठ्याकडे कुणी नक्कल मागायला आलं. नोंद चार ओळींची, पण त्यानं सांगितलं चार हजार ओळी. तलाठ्यानं न बघता चार हजार ओळी उतरवल्या, तर शेजारपाजारच्या सगळ्यांचे सातबारे त्याच्या हातात जातील. ओपनएसएसएल नेमकं हेच करत होतं. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत शेजारची स्मृती समोरच्याला मिळायची, आणि त्यात लोकांचे पासवर्ड, प्रसंगी सर्व्हरची गुप्त किल्लीही असायची. नेटक्राफ्ट या कंपनीच्या अंदाजानुसार विश्वासार्ह प्रमाणपत्रं असलेल्या सर्व्हरांपैकी सुमारे १७ टक्क्यांवर, म्हणजे पाच लाखांच्या आसपास, ही सोय चालू होती. चूक कोडमध्ये शिरली २०११च्या शेवटच्या दिवशी. सव्वादोन वर्षांनी गूगलच्या नील मेहता यांना आणि स्वतंत्रपणे कोडनॉमिकॉन या फिनिश कंपनीला ती सापडली. दुरुस्ती मोजक्या ओळींची: सांगितलेली लांबी खरी आहे का, ते आधी तपास.

ही सोय प्रत्यक्षात जवळजवळ कुणीच वापरत नव्हतं, आणि मुद्दाम बंद केली नाही तर ती चालूच असायची. जेन्किन्समधल्या त्या लायब्ररीचीही हीच कथा. राजगड-तोरण्याच्या मुलखात वाढलेल्या माणसाला यावर रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवतं. त्यातल्या दुर्गप्रकरणात किल्ल्याला एकच दरवाजा असणं हा दोष मानला आहे. दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात, पण रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा सल्ला आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी पाळला असता, तर गेल्या दोन दशकांतले निम्मे मोठे घोटाळे टळले असते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. लायब्ररी लिहिणारा प्रत्येक नवी सोय चालू करून देतो, कारण ती कुणाला तरी हवी असते. ती बसवणारा काहीही बंद करत नाही, कारण काय काय चालू आहे हे त्याला ठाऊकच नसतं.

चोरदिंडीवरून एक फरक सांगायला हवा. ट्रेकर गुंजवण्याहून ज्या चोरदरवाज्यानं राजगडाच्या पद्मावती माचीवर चढतात, तो गड बांधणाऱ्यांनीच ठेवलेला आहे. तटाला पडलेलं खिंडार वेगळं आणि मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा वेगळा. लायब्ररींतली बहुतेक भोकं पहिल्या जातीची, अनवधानानं राहिलेली. दुसऱ्या जातीचं अंगावर काटा आणणारं उदाहरण २९ मार्च २०२४ रोजी उघडकीला आलं. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी लासे कोलिन हा फिनलंडचा एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. थकलेला होता, तसं त्यानं लिहिलंही होतं. 'जिया टॅन' या नावानं कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, आणि मग ५.६.० या आवृत्तीत एसएसएचच्या, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या दारात, चोरवाट घातली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, तो मागे लागला आणि जगाची आपत्ती टळली. इथं हल्ला कोडवर झालाच नाही. तो एका थकलेल्या माणसाच्या एकटेपणावर झाला.

भोक सापडलं की पुढे काय होतं, याची आता बऱ्यापैकी रुळलेली रीत आहे. शोधणाऱ्यानं आधी लायब्ररी सांभाळणाऱ्याला गुपचूप कळवायचं, त्यानं दुरुस्ती तयार करायची, मोठ्या लिनक्स वितरकांना थोडे दिवस आधी द्यायची, आणि ठरल्या दिवशी सगळ्यांनी एकदम जाहीर करायचं. कर्लनं ऑक्टोबर २०२३मध्ये हे नमुनेदार केलं. स्टेनबर्ग यांनी आठवडाभर आधी सांगून ठेवलं की ११ तारखेला गंभीर दुरुस्ती येतेय, तयारीत राहा. तपशील मात्र एक अक्षर सांगितला नाही. त्या दिवशी ८.४.० ही आवृत्ती आली. चूक होती मध्यस्थ सर्व्हरला २५५ अक्षरांपेक्षा लांब नाव देण्याच्या वाटेवर. ती स्वतः स्टेनबर्ग यांच्याच हातून झाली होती आणि १३१५ दिवस कोडमध्ये बसून होती. हे दिवस त्यांनी स्वतः मोजून सगळ्यांपुढे ठेवले. स्मृतीची राखण करणाऱ्या भाषेत कर्ल लिहिलेलं असतं तर ही चूक घडूच शकली नसती, हेही त्यांनीच लिहिलं. पंचवीस वर्षं सांभाळलेल्या कामातली आपली चूक अशी उघडी करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. ओपन सोर्सची खरी ताकद इथं आहे. कोड उघडा असतो म्हणून तो आपोआप सुरक्षित होतो, ही जुनी समजूत हार्टब्लीडनं कायमची मोडली. दोष लपवता येत नाही, एवढं मात्र खरं.

दुरुस्तीला 'सुरक्षेची' म्हणून नाव देणंही किती महत्त्वाचं, ते 'घोस्ट' या प्रकरणात कळलं. लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीत, ग्लिबसीत, संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या फंक्शनमध्ये नोव्हेंबर २०००पासून एक चूक होती. मे २०१३मध्ये ती दुरुस्तही झाली. पण साधी चूक म्हणून. ही सुरक्षेची गोष्ट आहे असं कुणी म्हटलं नाही, म्हणून वर्षानुवर्षं जुन्या आवृत्त्या चालवणाऱ्या वितरकांनी ती आपल्याकडे घेतली नाही. जानेवारी २०१५मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी तिचा धोका दाखवून दिला, तेव्हा जगभरच्या सर्व्हरांवर ते भोक जसंच्या तसं होतं. औषध दुकानात पावणेदोन वर्षं पडून होतं, चिठ्ठीवर रोगाचं नाव नव्हतं.

या मधल्या हातांचं, म्हणजे वितरकांचं, काम पुण्याला परकं नाही. मगरपट्ट्यात रेड हॅटचं केंद्र आहे, क्वालिसचंही मोठं केंद्र पुण्यात आहे. रेड हॅटसारखे वितरक करतात ते काम बाहेर कुणाला दिसत नाही. मूळ लेखकानं दुरुस्ती नव्या आवृत्तीत केलेली असते. गिऱ्हाईक मात्र पाच-सात वर्षं जुनी आवृत्ती चालवत असतं आणि ती बदलली तर त्याचं दुकान बंद पडेल. मग अभियंता नव्या आवृत्तीतून नेमकी दुरुस्ती तेवढी उचलून जुन्या कोडमध्ये बसवतो, दुसरं काही बिघडलं नाही ना ते तपासतो, आणि आवृत्तीचा क्रमांक तोच ठेवतो. जुन्या वाड्याचा सडलेला वासा बाकी माळवद न हलवता बदलण्यासारखं हे कसबाचं काम. दुरुस्तीबरोबर तिची चाचणी लिहून ठेवली नाही तर काय होतं, हेही क्वालिसनंच १ जुलै २०२४ रोजी दाखवून दिलं. ओपनएसएसएचमधलं २००६ साली बुजवलेलं एक भोक २०२०मध्ये कोड साफसूफ करताना नकळत परत उघडलं होतं आणि जवळजवळ चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सर्व्हरांपुरतं बोलायचं तर ही साखळी, कुरकुरत का होईना, चालते. ती तुटते ती डब्यांपाशी. मार्गासनीच्या दुकानातल्या राउटरपाशी आणि डीव्हीआरपाशी. या लेखात मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल.

डिसेंबर २०२०मध्ये फोरस्काउट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी 'ॲम्नेशिया ३३' या नावानं एक अभ्यास मांडला. लहान यंत्रांना इंटरनेटची भाषा बोलता यावी म्हणून लिहिलेल्या सात ओपन सोर्स लायब्ररी त्यांनी तपासल्या. तिघींत काही सापडलं नाही. यूआयपी, एफनेट, पिकोटीसीपी आणि नट-नेट या चौघींत मिळून ३३ भोकं निघाली. यूआयपी ही स्वीडनच्या ॲडम डंकल्स यांनी या शतकाच्या सुरुवातीला, काही किलोबाइट स्मृतीच्या चिमुकल्या चिपसाठी लिहिलेली. काम अप्रतिम, म्हणून तिच्या प्रती पसरत गेल्या: कुणी जशीच्या तशी घेतली, कुणी थोडी बदलली, कुणी चिप बनवणाऱ्याच्या संचातून नकळत घेतली. १५०हून जास्त उत्पादकांच्या वस्तूंत ही भोकं असावीत असा अंदाज निघाला. दुरुस्ती कुणी कुणाला पाठवायची? मूळ लेखकाला आपला कोड कुठं कुठं गेला हे ठाऊक नाही. उत्पादकाला आपल्या डब्यात कुणाचा कोड आहे हे ठाऊक नाही. दुकानदाराला डब्यात कोड असतो हेच ठाऊक नाही.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२१मध्ये, डीएनएसमास्कमधली सात भोकं जाहीर झाली. त्यांतल्या काहींमुळे राउटरला खोटा पत्ता पढवता येत होता: तुम्ही बँकेचं नाव टंकायचं आणि पोचायचं भलतीकडे. सायमन केली यांनी २.८३ ही आवृत्ती त्याच दिवशी दिली. तुमच्या घरातल्या राउटरवर ती आली का? तो कधी अपडेट झाला, हे तुम्हाला आठवतं का? इंटरनेट जोडायला आलेला माणूस डबा भिंतीला लावून जातो, त्यानंतर त्याच्याकडे कुणी बघतं ते दिवे लुकलुकायचे थांबले तरच.

आता डीव्हीआर. एप्रिल २०२२मध्ये रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीनं अहवाल दिला की उत्तर भारतातल्या, लडाखच्या सीमेजवळच्या, किमान सात वीज भारप्रेषण केंद्रांवर चीनशी संबंधित गटानं घुसखोरीचे प्रयत्न केले, आणि हल्लेखोरांनी अड्डा म्हणून आधी ताब्यात घेतलेले इंटरनेट कॅमेरे आणि डीव्हीआर वापरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या अहवालातले इंटरनेटवरचे पत्ते तपासले तेव्हा तिथं 'बोआ' नावाचा छोटा ओपन सोर्स वेब सर्व्हर चालताना दिसला. बोआ २००५ सालीच बंद पडलेला आहे. त्याचा कुणी वाली नाही, त्यातली भोकं बुजवणारं कुणी नाही. तरी चिप उत्पादकांच्या तयार संचांतून तो नव्या वस्तूंत येत राहिला. एका आठवड्यात जगभर अशी दहा लाखांहून जास्त यंत्रं इंटरनेटवर उघडी दिसली, असं मायक्रोसॉफ्टनं नोंदवलं. इथं पॅच पोचला नाही असंही म्हणता येत नाही, कारण तो कधी लिहिलाच गेला नाही. चोरी होऊ नये म्हणून दुकानदारानं लावलेला कॅमेरा त्याच्या नकळत दुसऱ्याच कुणाच्या वीज केंद्रावर डोळा ठेवायला वापरला जाऊ शकतो.

वेल्ह्याच्या पावसात जुन्या कौलारू घराची शाकारणी दर मे महिन्यात करावी लागते. घर बांधणारा गवंडी ती करत नाही, कौलं विकणाराही करत नाही. ज्याचं घर, तो करतो. सॉफ्टवेअरच्या डब्याचं दुर्दैव असं की घरमालकाला शिडी लावायचीच सोय ठेवलेली नाही. उत्पादकानं नवं फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, काढलं तरच मालकाला काही करता येतं. म्हणून दोष मालकावर ढकलणं, 'लोकांना सायबर साक्षरता नाही' म्हणून मोकळं होणं, हे मला पटत नाही. जो नफा घेऊन डबा विकतो त्यानं तो किती वर्षं शाकारून देणार ते सांगितलं पाहिजे.

पैशाचा प्रश्न याला चिकटूनच येतो. हार्टब्लीडच्या वेळी कळलं की जगातला बराचसा ऑनलाइन व्यापार जिच्यावर उभा, त्या ओपनएसएसएलला वर्षाला सुमारे २००० डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. त्यानंतर लिनक्स फाउंडेशननं मोठ्या कंपन्यांकडून निधी उभारला, जर्मन सरकारनं २०२२मध्ये स्वतंत्र निधी काढला, आपल्याकडे झिरोधानं ऑक्टोबर २०२४मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला. चांगलंच झालं. तरी जून २०२५मध्ये लिबएक्सएमएल-टू ही जगभर वापरली जाणारी लायब्ररी सांभाळणाऱ्या निक वेल्नहोफर यांनी जाहीर केलं की सुरक्षेच्या तक्रारींना आता गुप्ततेची वेगळी वागणूक मिळणार नाही. बिनपगारी माणसाकडून बड्या कंपन्यांच्या मुदती पाळून घेणं बरोबर नाही. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. कृत्रिम बुद्धिमत्तेनं या ओझ्यात भर घातली आणि थोडं हलकंही केलं. यंत्राकडून लिहून घेतलेल्या खोट्या तक्रारींचा कर्लवर एवढा मारा झाला की त्यांनी बक्षीस योजना २०२६च्या जानेवारीअखेर बंद केली. जाणकाराच्या हातात मात्र अशाच साधनांनी २०२५मध्ये कर्लमधल्या डझनावारी खऱ्या चुका दाखवून दिल्या.

बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न नाही, असं कुणी म्हणू नये. मायक्रोसॉफ्टनं विंडोजच्या फाइल देवघेवीच्या कोडमधलं भोक १४ मार्च २०१७ रोजी बुजवलं. १२ मे रोजी त्याच भोकातून वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर पसरलं. २७ जूनला नॉटपेट्या हा तसाच विषाणू आला आणि न्हावा शेवाला जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलवर कंटेनरची कामं ठप्प झाली. नॉटपेट्याची एक गोष्ट अपडेटचा आग्रह धरणाऱ्यानं लपवू नये: त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाली होती, आणि पासवर्ड चोरून तो पॅच केलेल्या यंत्रांतही शिरत होता. म्हणून पॅच आला की मोठ्या यंत्रणांनी तो आधी एका बाजूच्या यंत्रावर चढवून पाहावा, हे ठीक. पण पाहायला दोन दिवस लागतात, सहा महिने लागत नाहीत.

कायद्याच्या अंगानं आपण कुठं आहोत? सर्ट-इन ही केंद्राची सायबर सुरक्षा संस्था २००४पासून आहे. एप्रिल २०२२च्या आदेशानं हल्ल्याची खबर सहा तासांत तिला देणं बंधनकारक झालं. ऑक्टोबर २०२४मध्ये तिनं सॉफ्टवेअरच्या घटकयादीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या: विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणत्या लायब्ररी, कोणत्या आवृत्तीच्या, याची यादी विक्रेत्याकडून घ्यावी. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापतात तसं. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतलं हे सगळ्यात उपयोगी पाऊल आहे, कारण नवं भोक जाहीर झालं की ते आपल्याकडे आहे का याचं उत्तर आठवड्याऐवजी तासाभरात मिळतं. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५पासून सुरक्षा तपासणीचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. ते नव्या कॅमेऱ्यांना, आधी लावलेले भिंतीवरच आहेत. युरोपचा सायबर रेझिलिअन्स कायदा डिसेंबर २०२७पासून पूर्ण लागू होतो. वस्तू विकणाऱ्यानं ठरावीक काळ सुरक्षा दुरुस्त्या पुरवल्याच पाहिजेत, असं तो सांगतो, आणि ती जबाबदारी फुकट कोड लिहिणाऱ्यावर न टाकता विकणाऱ्यावर टाकतो. आपल्याकडे असा कायदा हवा. दुसरी उणीव अशी की चांगल्या हेतूनं भोक शोधणाऱ्याला आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांत स्पष्ट संरक्षण नाही. पुण्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला सरकारी संकेतस्थळावर गळती दिसली, तर ती कळवण्याआधी त्याला वकील आठवतो.

कायदा येईपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. ग्रामपंचायत, पतसंस्था, शाळा, दूध संस्था दरवर्षी कॅमेरे आणि राउटर घेतात. त्या कोटेशनमध्ये एक ओळ घाला: या यंत्राला सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, ते विक्रेत्यानं लिहून द्यावं. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, भले तो शंभर रुपयांनी स्वस्त असो. भोर-वेल्ह्यातून रोज पुण्याला नोकरीला जाणाऱ्या संगणक शिकलेल्या मुला-मुलींनी सुट्टीच्या दिवशी आपल्या गावातल्या दहा डब्यांमागची लेबलं वाचावीत, मॉडेल नंबरावरून उत्पादकाच्या संकेतस्थळावर नवं फर्मवेअर आहे का ते बघावं, असेल तर चढवावं. दुरून चालवायची सोय वापरात नसेल तर बंद करावी, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. एका डब्याला पंधरा मिनिटं लागतात. येत्या मे महिन्यात कौलं चाळायला शिडी काढाल, त्याच दिवशी राउटरही भिंतीवरून उतरवून बघा.